पाळी चालू असताना व्यायाम कसा करायचा: कोल्हापुरात नव्यानं सुरुवात करणाऱ्या बायका-मुलींसाठी

रंकाळ्यावर चालायला जाणं मी चार वेळा सुरू केलं आणि चार वेळा सोडलं. पाचव्यांदा टिकलं, त्याला आता सात वर्षं होतील. आधीचे चारही प्रयत्न एकाच जागी मोडले होते. तीन आठवडे नेमानं जायचं, मग पाळी यायची, बूट कपाटात जायचे. पाच दिवसांचे आठ व्हायचे, कारण सहाव्या दिवशी पाहुणे आणि सातव्या दिवशी पाऊस. नुसते पाच दिवस धरले तरी वर्षाचे साठ दिवस होतात. साठ दिवस मोडल्यावर कुठलीच सवय अंगी लागत नाही.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आई मायेनं म्हणायची, "बस की गप चार दिवस, कशाला अंगावर काढालीस?" शाळेत नववीत असताना कबड्डीच्या सामन्याच्या दिवशी मला बाहेर बसवलं गेलं आणि त्याचं कारण कुणी मोठ्यानं उच्चारलंसुद्धा नाही. पेठेगणिक तालीम असलेल्या गावात अंग कसं कमवायचं हे लहान पोरालाही ठाऊक असतं, पण महिन्याचे ते चार दिवस आले की मुलीनं काय करायचं, हे सांगणारं माणूस सापडत नाही. माझी भाची धावायला लागली तेव्हा तिनं मला जे प्रश्न विचारले, त्यातून हा लेख तयार झाला. मी डॉक्टर नाही. स्वतः चालत-पळत आले, चुका केल्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारत गेले, ते सगळं इथं क्रमानं लिहिते आहे.

१. आधी रक्त तपासून घ्या

ही पायरी गाळू नका. मी गाळली होती आणि त्यात दोन वर्षं गेली.

सर्वसाधारण पाळी २१ ते ३५ दिवसांनी येते आणि २ ते ७ दिवस राहते. सगळ्या दिवसांत मिळून साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० मिलिलिटरच्या पुढं गेलं तर तो अतिस्राव. घरी कुणी मापानं मोजत नाही, म्हणून खुणांवरून ओळखायचं. खालीलपैकी काही होत असेल तर व्यायामाआधी डॉक्टर:

- दर तासा-दोन तासाला पॅड पूर्ण भिजतं, रात्री त्यासाठी उठावं लागतं.
- रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गुठळ्या पडतात.
- सात दिवसांनंतरही रक्त थांबत नाही, किंवा दोन पाळ्यांच्या मध्येच डाग पडतात.
- दुखणं महिन्यागणिक वाढत चाललंय, किंवा शौचाच्या वेळी, संबंधांच्या वेळीही दुखतं.
- उठताना डोळ्यांपुढं अंधारी येते, एक जिना चढला तरी धाप लागते.
- पाळी लांबली होती आणि आता वेगळाच रक्तस्राव होतोय. गर्भ राहिला असण्याची शक्यता आधी तपासा.
- पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि पुन्हा रक्त दिसलं.

यातलं काही नसलं तरी हिमोग्लोबिन एकदा बघाच. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तर तो रक्तक्षय समजतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलेल्या दहा जणींत पाच-सहा जणी. माझं ९.४ निघालं होतं. शालिनी पॅलेसपर्यंत जाऊन दम लागायचा, तो मी इतकी वर्षं आळस समजत होते आणि स्वतःलाच बोल लावत होते. गोळ्या सुरू केल्या आणि तिसऱ्या महिन्यात तोच रस्ता न थांबता पार झाला.

तपासणी खाजगी लॅबमध्ये होते, सीपीआर या सरकारी रुग्णालयातही होते. जाताना आधार कार्ड, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि पाळीच्या तारखा न्या. जुना केसपेपर असेल तर तोही. तांबी (कॉपर-टी) बसवलेली असेल तर आवर्जून सांगा, कारण तांबीमुळं रक्तस्राव वाढू शकतो. विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या. आत गेल्यावर संकोचानं निम्मे विसरतात.

२. कालनिर्णयावर टिंब मारायला लागा

आपल्या आईच्या पिढीतल्या बायका हे करतच आल्या आहेत. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी एक बारीक टिंब, कुणाच्या नजरेत न येणारं. त्या टिंबाचा उपयोग फक्त पुढची तारीख मोजण्यापुरता, किंवा घरातली पूजा कधी धरायची एवढ्यापुरता झाला. मला या सगळ्या लेखात एकच गोष्ट तळमळीनं सांगायची असेल तर ती ही: त्या टिंबाशेजारी आणखी दोन शब्द लिहा. पाळीत व्यायाम करावा का, किती करावा, कोणता करावा, याचं तुमचं उत्तर तुमच्या तीन महिन्यांच्या नोंदीत असतं. माझं उत्तर तुमच्या कामाचं नाही आणि मैत्रिणीचंही नाही.

काय लिहायचं:

- रक्त किती: थोडं, मध्यम, जास्त.
- दुखणं दहापैकी किती.
- झोप कशी झाली.
- व्यायाम काय केला आणि करून झाल्यावर कसं वाटलं. हा शेवटचा भाग सगळ्यात मोलाचा.

मोबाइलवर ॲप आहेत, पण मी कागदच धरला. माझ्या नोंदीतून तीन गोष्टी उमगल्या. पहिल्या दिवशी सकाळी मला नको वाटतं, पण संध्याकाळी चालून आल्यावर दुखणं सहावरून तीनवर आलेलं असतं. दुसऱ्या दिवशी रक्त सर्वांत जास्त. आणि माझा सगळ्यात वाईट दिवस पाळीतला नसतोच, तो पाळीच्या दोन दिवस आधीचा असतो. हे डोक्यात अंदाजानं ठेवलं असतं तर कधीच कळलं नसतं.

चूक होते ती इथं: मुली एका महिन्यावरून निष्कर्ष काढतात. एखाद्या महिन्यात परीक्षा असते, लग्नसराई असते, जागरणं होतात. तीन महिने लिहा, मग ठरवा.

३. पिशवी भरून दाराशी टांगा

पाळीत व्यायाम चुकण्याचं कारण बऱ्याच वेळा दुखणं नसतं. डाग पडेल ही भीती असते. ती सामानानं जाते.

- गडद रंगाची, अंगाला नीट बसणारी पँट. आत घट्ट निकर. विम्बल्डनसारख्या पांढऱ्या कपड्यांच्या स्पर्धेनंही २०२३ पासून बायकांना आत गडद शॉर्ट घालायची मुभा दिली, कारण खेळाडूंनी हीच भीती बोलून दाखवली होती.
- पंख असलेली पॅड, नेहमीपेक्षा एक जास्त. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड एक रुपयाला एक या दरानं मिळतात, म्हणून पैशासाठी एकच पॅड दिवसभर वापरू नका.
- जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे आणि एक पिशवी, वापरलेलं पॅड गुंडाळायला.
- पाण्याची बाटली, गुळाचा खडा, छोटा टॉवेल, एक जादाची निकर.
- खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन. जांघेत घासून कातडं सोलवटतं, ते टाळायला निघण्याआधी लावायचं.

पॅड चार ते सहा तासांत बदला, रक्त कमी असलं तरी. व्यायामाला निघताना ताजं लावा आणि घरी आल्याबरोबर काढा. घामानं ओलं झालेलं पॅड घालून ओट्याशी उभं राहायचं आणि मग दोन तासांनी आंघोळ, असं मी कित्येक महिने केलं. पुरळ उठायचं त्याचं कारण पॅडची कंपनी नव्हती, हे दोन तास होते.

कापडी पॅड वापरत असाल तर आपल्याकडचा पावसाळा लक्षात घ्या. जून ते सप्टेंबर कपडे आतूनच दमट राहतात. ऊन मिळालं नाही तर इस्त्री फिरवून पूर्ण कोरडं करा, नाहीतर त्या महिन्यांपुरते बाजारातले पॅड वापरा.

मेन्स्ट्रुअल कपबद्दल, म्हणजे योनीत बसवून रक्त गोळा करणाऱ्या मऊ कपाबद्दल, मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. पळणाऱ्या आणि पोहणाऱ्या बाईला त्याच्यासारखी सोय नाही. बारा तासांपर्यंत ठेवता येतो, घासत नाही. पण तो बसवायला शिकावं लागतं, त्याला दोन-तीन पाळ्या जातात. पहिल्यांदा घरी, सुट्टीच्या दिवशी, रक्त मध्यम असताना करून बघा, वर एक पातळ पॅड ठेवून. दर पाळीनंतर पाण्यात पाच मिनिटं उकळायचा. तांबी असेल तर डॉक्टरांना विचारूनच, कारण ओढून काढताना तांबीचा धागा ओढला जाऊ शकतो. स्पर्धेच्या किंवा ट्रेकच्या दिवशी पहिल्यांदा वापरायला काढू नका, त्या दिवशी गळला तर पुन्हा कधी हात लावणार नाही.

४. पहिल्या दोन दिवसांत काय करायचं

का दुखतं हे आधी समजून घेऊ. गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. ती गर्भाशयाला पिळतात, पिळ बसला की तिथला रक्तपुरवठा घटतो आणि कळ येते. हीच रसायनं आतड्यांवरही काम करतात, म्हणून पहिल्या दिवशी पोट बिघडतं, दोन-तीनदा जावं लागतं. हे समजल्यावर माझा एक जुना घोळ सुटला. "काल काय खाल्लं गं?" असं दर महिन्याला स्वतःला विचारायची आणि उत्तर ताटात सापडत नव्हतं.

हालचालीनं रक्ताभिसरण वाढतं, ताण सैल होतो आणि अनेकींना आराम पडतो. पाळीच्या दुखण्यावर व्यायामाचा काय परिणाम होतो याच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा, दर वेळी ४५ ते ६० मिनिटं व्यायाम करणाऱ्या बायकांचं दुखणं लक्षात येण्याइतकं कमी झालं असं त्यात दिसलं, मग व्यायाम हलका असो की जोराचा. त्यातले अभ्यास लहान होते, हेही सांगायला हवं. पण यातली गोम बघा: हा फायदा महिनाभर नियमित करण्याचा आहे. फक्त पाळीच्या दिवशी पळून एका दिवसात दुखणं जाणार नाही.

पहिल्या दिवशी मी पाळते तो क्रम असा:

उठल्यावर कोमट पाणी आणि दोन घास काहीतरी. ओटीपोटावर दहा मिनिटं गरम पाण्याची पिशवी, कापडात गुंडाळून. मग जमिनीवर चटई टाकून मार्जारासन (हात-गुडघ्यांवर येऊन पाठ वर-खाली), बालासन (गुडघे मुडपून बसून पुढं वाकणं) आणि भद्रासन (तळवे जुळवून बसणं), प्रत्येकात सावकाश आठ-दहा श्वास. इतकं झाल्यावर बूट घालून दारातून बाहेर पडायचं आणि फक्त दहा मिनिटं चालायचं. दहा मिनिटांनी स्वतःला विचारायचं, पुढं जाऊ का? नको वाटलं तर परत फिरायचं. दहा मिनिटंही व्यायामच आहे, त्याची नोंद कालनिर्णयावर करायची. बहुतेक वेळा मी पुढं जाते. वेग असा ठेवायचा की शेजारच्या बाईशी सलग वाक्यं बोलता यावीत.

पळणाऱ्यांनी या दिवशी घड्याळाकडं बघू नये. वजनं उचलणाऱ्यांनी नेहमीच्या वजनातलं साधारण चौथा हिस्सा कमी करावं आणि श्वास कोंडून जोर लावू नये. सूर्यनमस्कार बारा घालत असाल तर चार घाला, सावकाश. कपालभाती आणि पोटावर जोर देणारे प्रकार या दोन दिवशी मी ठेवत नाही, कारण माझी कळ वाढते. शीर्षासन, सर्वांगासन यांबद्दल योगवर्गात हमखास मनाई असते. त्यानं इजा होते असं सिद्ध झालेलं नाही, पण उलटं राहणं त्या दिवशी सुखाचं वाटत नसेल तर तेवढं कारण पुरेसं आहे.

दुखणं दहापैकी सात-आठ असेल तर झोपा. खरंच झोपा, मनात खंत ठेवू नका. पाळीत व्यायाम करता येतो याचा अर्थ केलाच पाहिजे असा कुणी लावत असेल तर तो चुकीचा आहे.

गोळीचा सापळा: दुखतंय म्हणून रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी घ्यायची आणि लगेच पळायला जायचं, हे मी दोन मुलींना करताना पाहिलं. पोटाला जळजळ होते, आणि पाणी कमी पडलेलं असताना अशा गोळ्यांचा ताण मूत्रपिंडावर येतो. अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता घेऊच नयेत. पाळीच्या गोळ्यांत सर्रास असणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल इंडियन फार्माकोपिया कमिशननं २०२३ च्या अखेरीस सावधगिरीची सूचना काढली होती. गोळीनंतर ताप, अंगावर पुरळ असं काही दिसलं तर गोळी बंद करून डॉक्टरांकडं जा. आणि गोळी घेऊन दुखणं दाबलेल्या दिवशी अंग तोडून मेहनत करू नका. शरीर थांब म्हणत असतं ते त्या वेळी ऐकू येत नाही.

५. तिसऱ्या दिवसापासून

इथं फार सांगण्यासारखं नाही. रक्त कमी झालं, झोप नीट झाली की नेहमीच्या व्यायामावर या. पुष्कळ जणींना तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून अंग हलकं वाटतं. मला वाटतं. पण सगळ्यांचं सारखं नसतं: २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टर मीराबाई चानू एका किलोनं पदक हुकून चौथी आली, तेव्हा पाळीचा तिसरा दिवस होता आणि अशक्तपणा वाटत होता असं तिनं स्वतः सांगितलं. अशक्तपणा घेऊन ती दोन्ही प्रकारांत मिळून १९९ किलो उचलून गेली, हेही तितकंच खरं. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनची जलतरणपटू फू युआनहुई शर्यतीनंतर टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर म्हणाली होती, काल रात्री पाळी आली, म्हणून दमले. स्पर्धेची तारीख पाळी बघून ठरत नाही. ज्यांना पुढं स्पर्धेत उतरायचंय त्यांनी पाळीत सराव करून बघितलेला असणं म्हणून गरजेचं.

६. पाळीच्या आधीचा आठवडा विसरू नका

या दिवसांत शरीराचं तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंशानं वाढलेलं असतं. नेहमीचा वेग जड वाटतो, लवकर घाम फुटतो, मार्च-एप्रिलच्या उन्हात तर जास्तच. पाणी वाढवा, सकाळी लवकर जा, झोप राखा. छाती दुखत असेल तर आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा घाला. चिडचिड होते, उगाच रडू येतं. माझं चालणं याच आठवड्यात सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. घरातून बाहेर पडून तांबट कमानीपर्यंत जाऊन आलं की घरातल्यांशी बोलायला जीव शांत होतो.

७. खाणं

कोल्हापुरात राहून गुळाबद्दल बोलायचं नाही असं कसं होईल! पण आधी एक गैरसमज दूर करते: नुसता गूळ खाऊन हिमोग्लोबिन वर येत नाही. गुळात आणि काकवीत थोडं लोह असतं, तेवढ्यानं ९ चे १२ होत नाहीत. जोडीला पालेभाजी, कडधान्यं, बाजरी, आळिवाचे लाडू हवेत. मांसाहार करणाऱ्यांनी मटण आणि कलेजी खावी, त्यातलं लोह शरीर जास्त सहज घेतं. वर लिंबू पिळा किंवा आवळा, पेरू खा, लोह शोषायला मदत होते. आणि चहा जेवणाला लागून घेऊ नका, मध्ये तासभर जाऊ द्या. लोहाच्या गोळीवर चहा प्यायलात तर गोळीचा निम्मा उपयोग चहातच जातो. गोळीनं शौचाचा रंग काळा होतो, घाबरू नका.

व्यायामाआधी रिकाम्या पोटी जाणं पाळीच्या दिवसांत टाळा. एक केळं किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ. व्यायाम झाल्यावर गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणारे तालमीतले पैलवान आपण सगळ्यांनी पाहिलेत. मी मात्र दूध उकळूनच घ्या म्हणेन, आणि बरोबर भाकरी, अंडं किंवा उसळ. पहिल्या दिवशी मिसळ आणि तांबडा रस्सा लांब ठेवा, पोट आधीच हललेलं असतं.

८. जागा कुठली निवडायची

पाळीच्या दिवसांसाठी जागा निवडताना एकच प्रश्न विचारा: वीस मिनिटांत मला स्वच्छ संडास आणि पाणी मिळेल का?

रंकाळा किंवा विद्यापीठाचं आवार: चालायला दोन्ही छान. पण पहिल्या-दुसऱ्या दिवशी लांब सलग फेरी मारण्यापेक्षा घराच्या बाजूनं छोट्या फेऱ्या घ्या, म्हणजे कधीही परतता येतं. विद्यापीठाकडचा चढ तिसऱ्या दिवसानंतर ठेवा. अंधारात एकट्या जाऊ नका, सोबत एखादी मैत्रीण हवी, तिला तुमची तारीख माहीत असली तर उत्तम.

जिम: नाव घालण्याआधी बायकांचं स्वच्छतागृह आत जाऊन बघा. कचऱ्याचा झाकणाचा डबा आहे का, नळाला पाणी आहे का, कडी लागते का. नसेल तर व्यवस्थापकाला सांगा. आम्ही चौघींनी मिळून सांगितलं, आठवड्यात डबा आला.

जलतरण तलाव: पाण्यात रक्त थांबतं ही समजूत खरी नाही. पाण्याच्या दाबानं बाहेर येणं कमी होतं, बाहेर पडताच पुन्हा सुरू होतं. पॅड घालून पोहता येत नाही, ते पाणी शोषून फुगतं. कप किंवा टॅम्पॉन (योनीत बसवायची कापसाची गुंडाळी) लागतो. टॅम्पॉन आठ तासांवर कधीच ठेवू नये, जंतुसंसर्गाचा धोका असतो. ते जमत नसेल तर ते तीन दिवस चाला.

जोतिबाच्या पायऱ्या: बऱ्याच जणी व्यायाम म्हणून चढतात. पाळीत देवळात जायचं की नाही हे प्रत्येकीनं आपल्या श्रद्धेनं ठरवावं, मी त्यावर वाद घालणार नाही. पायऱ्या चढायला शरीराची हरकत नसते.

पन्हाळा ते पावनखिंड: दर जुलैत ही वाट चालायला कोल्हापुरातून शेकडो मुली निघतात. दोन दिवस चिखल, धुकं, संततधार, आडोसा मिळेल तो. तारीख त्याच दिवसांत येत असेल तर जाऊ नका असं मी म्हणणार नाही, मी स्वतः गेले आहे. पण तयारी वेगळी लागते. पॅड दुहेरी प्लॅस्टिकमध्ये, वेगवेगळ्या खिशांत, म्हणजे एक भिजलं तरी दुसरं कोरडं. तीन जादा निकर. वापरलेली पॅड परत आणायला काळी पिशवी, वाटेत, ओढ्यात, झुडपात काही टाकायचं नाही. हात धुवायला साबणाचे कागद. गटातल्या एका बाईला निघतानाच सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं आणि मागं पडले, तेव्हा सगळे मला 'दमली' म्हणत राहिले. खरं कारण कळलं असतं तर कुणीतरी माझी सॅक धरली असती. पाळी लांबवायची गोळी मेडिकलमधून आपल्या मनानं आणून घेऊ नका. रक्ताच्या गुठळ्यांचा, यकृताचा त्रास किंवा अर्धशिशी असणाऱ्यांना ती अपायकारक ठरू शकते, डॉक्टरांनी लिहून दिली तरच.

९. घरी आणि मैदानावर कसं सांगायचं

आईशी किंवा सासूबाईंशी वाद घालायला जाऊ नका. त्या पिढीनं विहिरीवरून पाणी ओढलं, शेतात राबली. पाळीत बाजूला बसणं हीच त्यांना मिळालेली विश्रांती होती. ती त्यांनी जपली आणि आता तुम्हाला मायेनं देऊ बघतात. माझ्या आईला मी म्हटलं, "आई, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, दहा मिनिटांत आलो." तिनं घड्याळ लावून वाट पाहिली. तीन महिन्यांनी कालनिर्णयावरचे आकडे दाखवले, सहाचे तीन झालेले. त्यानंतर पाळीच्या दिवशी गरम पाण्याची पिशवी तीच भरून ठेवायला लागली.

प्रशिक्षक पुरुष असेल तर मुली गप्प बसतात, पोट दुखतंय म्हणतात, मग पुढच्या महिन्यात पुन्हा पोट दुखतं आणि 'ही कारणं सांगते' असा शिक्का बसतो. एक वाक्य पाठ करा: "सर, आज माझा पाळीचा पहिला दिवस आहे. सराव करतो, पण उड्या कमी घेतो." आपल्याकडच्या मुली 'करतो, येतो' असंच बोलतात, तसंच बोला, शब्द शोधत बसू नका. चांगला प्रशिक्षक मान डोलावून सरावाचा तक्ता बदलेल. कुणी हसलं, टोमणा मारला तर घरच्यांना घेऊन भेटा. मुलीच्या आईनं पहिल्याच दिवशी नाव घालताना हा विषय काढला तर मुलीचं निम्मं ओझं उतरतं.

१०. पाळी येईनाशी झाली तर

हा भाग मी भाचीमुळं लिहिते आहे. ती दहावीनंतर जोरात धावायला लागली, वजन उतरलं, सगळ्यांनी कौतुक केलं. पाळी आली नाही तेव्हा ती खूश होती, कटकट गेली म्हणून. तिच्या बरोबरीच्या मुलीही म्हणाल्या, खूप सराव केला की असं होतंच.

तसं होऊ द्यायचं नसतं. खर्च होते तेवढी ऊर्जा खाण्यातून मिळाली नाही की शरीर आधी पाळी बंद करतं. हाडं ठिसूळ होऊ लागतात, बारीकशा ताणानं पायाच्या हाडाला तडा जातो, वारंवार सर्दी-ताप येतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये या अवस्थेला वेगळं नाव देऊन खेळाडूंना सावध केलं. नियमित येणारी पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडं जा. पीसीओएस (बीजाशय आणि संप्रेरकांचा विकार), थायरॉइड अशी इतर कारणंही असतात, ती तपासणीतच कळतात.

आम्ही कालनिर्णयाची चार पानं फाडून सोबत नेली होती. डॉक्टरबाईंनी आधी तीच हातात घेतली, रिपोर्ट नंतर बघितले. धावणं निम्म्यावर आणलं, सकाळी भाकरी आणि दूध सुरू केलं, रात्रीचं जेवण चुकवायचं नाही असं ठरलं. पुढचं टिंब पाचव्या महिन्यात पडलं. ते तिनं स्वतः मारलं, लाल पेनानं, चांगलं ठसठशीत, दुधाच्या हिशेबाच्या वर.